पंधरा मिनिटांत कर्नाळा?

पनवेलभोवती नकाशावर वर्तुळ काढले की कर्नाळा किल्ला अगदी जवळ वाटतो. पण माणूस त्रिज्येवरून जात नाही, रस्त्याने जातो. म्हणून 'पीजीराउटिंग' ही संगणक-प्रणाली रस्त्यांचे जाळे बिंदू आणि दुवे यांत मांडते. प्रत्येक दुव्याला लागणारा वेळ दिला, की डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ सालच्या रीतीने ठरावीक वेळेत गाठता येणारे बिंदू ती शोधते.

इथवर गणित चोख आहे. खोट पुढे आहे. या बिंदूंभोवती सलग सीमारेषा ओढून आतला सगळा भाग 'पोहोचण्याजोगा' म्हणून रंगवला जातो. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातून जातो. त्यावरचे आणि आसपासच्या रस्त्यांवरचे बिंदू जोडताना किल्ल्याचा सुळकाही रंगून जाऊ शकतो. ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या गाडीला १५ मिनिटे म्हणजे १२ किलोमीटर; ताशी ४ किलोमीटर चालणाऱ्याला जेमतेम १, तेही सपाटीवर. दवाखान्याची जागा अशा नकाशावरून ठरली, तर डोंगरातली वाडी केवळ कागदावर जवळ येते.

वर्गात हा नकाशा करताना क्षेत्र न रंगवता रस्तेच रंगवावेत. पायवाट वेगळा दुवा धरावी. चढणीचा आणि उतरणीचा वेळ वेगवेगळा द्यावा. प्रणालीत तशी सोय आहे. वाट मात्र विद्यार्थ्यांनी चालून, घड्याळ लावून मोजायला हवी.