शेजारच्या मायक्रोग्रिडमधील वीजवाटप : बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

स्वतःची निर्मिती, साठवण व ग्राहक असलेले आणि प्रसंगी मुख्य जाळ्यापासून अलग होऊन चालू शकणारे छोटे वीजजाळे म्हणजे मायक्रोग्रिड. अशी दोन जाळी जोडली की एकाचे आधिक्य दुसऱ्याची तूट भरून काढते, असे या विषयावरील लेखनात सर्रास गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. त्यातील 'शेजारी' हा शब्द फारसा तपासला जात नाही, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

दोन लगतचे पाडे केवळ सौरविजेवर चालत असतील, तर दोघांवर ऊन एकाच वेळी पडते आणि दोघांकडील दिवेही एकाच वेळी लागतात. दुपारी दोघांकडे वीज उरते, रात्री दोघांकडे तुटते. अशा ठिकाणी जोडवाहिनी टाकण्यापेक्षा बॅटरी वाढविणे बरे. एकाचे यंत्र बिघडल्यास दुसऱ्याचा आधार, एवढाच काय तो लाभ. वाटपाला खरा अर्थ येतो तो शेजारी विषम असताना. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत व भोवतालची गावे ही तशी जोडी होय. साप्ताहिक सुटीच्या दिवशी कारखान्याच्या छपरावरील वीज उरते. गावातील पाण्याचा पंप व पिठाची गिरणी यांना सुटी नसते.

तांत्रिक अडचणी आहेत. जोडणीपूर्वी दोन्ही बाजूंचा दाब, वारंवारता व कला जुळावी लागते. शिवाय मुख्य पुरवठा खंडित होताच छपरावरील सर्वसाधारण इन्व्हर्टर वायरमनच्या सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो; म्हणजे गाव अंधारात असते तेव्हाच ही वीज निरुपयोगी ठरते. यावर उपाय आहेत, ते खर्चिक असले तरी. कायद्याची अडचण अधिक चिवट आहे. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 14 नुसार अधिसूचित ग्रामीण क्षेत्रात परवान्याविना निर्मिती व वितरण करता येते. परंतु कारखान्याची तार रस्ता ओलांडून दुसऱ्या ग्राहकाकडे गेली की महावितरणच्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो.

वीजवाटप या परिसराला नवे नाही. 1969 साली सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राची वीज महाराष्ट्र व गुजरात या शेजारी राज्यांनी वाटून घेतली. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. तेथे शेजारी म्हणजे राज्ये होती. गाव हा त्या वाटपातील पक्ष नव्हता. मायक्रोग्रिडच्या लेखनातही दर आणि अग्रक्रम ठरविण्याचे काम बहुधा गणितावर सोपविलेले आढळते. जोडबिंदूवरील मीटर कोणाच्या ताब्यात असेल आणि दोन्हीकडे तूट असताना कळ कोण बंद करील, हे करारात लिहिल्याखेरीज गाव पुन्हा केवळ ग्राहकच राहील.