पालक शाळा निवडतात की वर्गमित्र?

अब्दुलकादिरोग्लू, पाठक, शेलेनबर्ग आणि वॉल्टर्स यांचा २०२० चा न्यूयॉर्कवरचा पेपर वाचला नसेल, तर आधी तो वाचा. हायस्कूल प्रवेशासाठी पालकांनी दिलेले पसंतीक्रम तपासून ते म्हणतात, हुशार मुलं असलेल्या शाळांना मागणी जास्त. पण सोबतची मुलं सारखी धरली, तर शाळा प्रत्यक्षात किती शिकवते याचा पसंतीशी संबंध उरत नाही. म्हणजे शाळेचा फायदा शिकवण्यात नाही, मुलं निवडून घेण्यात!

पेपर भक्कम आहे. पण पालकांना शिकवण्याची किंमत नाही, की ते त्यांना दिसतच नाही? नुसत्या पसंतीक्रमावरून हे कळत नाही. निकाल सगळ्यांना दिसतो, त्यातला शाळेचा वाटा दिसत नाही.

आता हे मिहानला लावून बघा. इथे खासगी शाळांसाठी अशी सामायिक यादीच नाही. फी आणि स्कूलबसचा मार्ग यांतून जे उरेल, त्यालाच आपण 'निवड' म्हणतो. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी सोडत असते खरी, पण ती शाळा आणि सोबत दोन्ही एकदमच देते.

म्हणून खापरीत सर्व्हे कराल तेव्हा 'कोणती शाळा आवडते?' एवढ्यावर थांबू नका. 'ती चांगली आहे, हे कशावरून कळलं?' हेही विचारा.