मनुष्य-महिन्याचा हिशेब

मराठी विनोदाने कचेरीवर फार प्रेम केले. पु. ल. देशपांडे यांचे ‘असा मी असामी’ १९६४ साली आले, तेव्हापासून धोंडो भिकाजी जोशी हा कारकून आपल्या घरातलाच माणूस झाला. साहेब, फायली, बढती यांवर आपण मनमुराद हसलो. परंतु त्या कारकुनाची नातवंडे आज काय करतात? बोरीवलीतल्या सोसायट्यांची दारे ठोठावली, तर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारी मुले-मुली जागोजाग भेटतील. टाटा कन्सल्टन्सी १९६८ साली मुंबईत निघाली, अंधेरीचे सीप्झ १९७३ साली उभे राहिले. अर्धशतक उलटले, तरी या धंद्यातल्या माणसाचे अंतरंग मराठी ललित साहित्यात तुरळकच दिसते. मी या धंद्यात आहे, आणि काही वर्षे अत्यंत गैरव्यवस्थेच्या एका कंपनीत काढली आहेत. त्या अनुभवाचा अर्थ मला ज्या ग्रंथाने उलगडून दाखवला, त्या ग्रंथाची ओळख आज वाचकांना करून द्यावीशी वाटते.

फ्रेडरिक ब्रुक्स यांचा ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा निबंधसंग्रह १९७५ साली प्रसिद्ध झाला. ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीत सिस्टिम ३६० या यंत्राच्या आणि त्याच्या प्रचंड प्रोग्रॅमच्या कामाचे नेतृत्व केले होते. पुढे ते प्राध्यापक झाले आणि २०२२ साली वारले. पुस्तक व्यवस्थापनाचे असले, तरी लेखकाची दृष्टी साहित्यिकाची आहे. उपमा नेमक्या, वाक्ये आटोपशीर आणि उपदेशाचा सूर अगदी थोडा.

ग्रंथाचे मुख्य म्हणणे असे. दहा माणसांचा एक महिना आणि एका माणसाचे दहा महिने हे कागदावर सारखे दिसतात. कामात ते सारखे नसतात. ज्या गृहिणींनी दिवाळीचा फराळ केला आहे, त्यांना हे पटवावे लागणार नाही. करंज्यांना पाच जावा बसल्या, तर काम भराभर उरकते. एक लाटते, एक सारण भरते, एक तळते. पण अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजायचे ते भिजायचेच. तेथे पाच जावा काय आणि पन्नास काय! प्रोग्रॅमचे काम पुष्कळसे अनारशांच्या जातीचे आहे. शिवाय माणसे वाढली, की आपसांत बोलणेही वाढते. तिघांत तीन जोड्या होतात, दहांत पंचेचाळीस. नव्यांना शिकवायचे कोणी? ज्यांच्या हातात काम आहे त्यांनीच. म्हणून रखडलेल्या कामावर माणसे वाढवली, तर ते आणखी रखडते. हा सिद्धांत आज ब्रुक्स यांच्या नावाने ओळखला जातो.

दुसरा विचार टीकाकाराला अधिक मोलाचा वाटेल. ब्रुक्स यांच्या मते मोठ्या रचनेचा प्राण तिच्या एकसंध कल्पनेत असतो. उदाहरणासाठी ते फ्रान्समधल्या रीम्सच्या कॅथीड्रलकडे जातात. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कारागीर बदलले, पण मूळ कल्पना जपली गेली. बोरीवलीकरांना इतके दूर जायला नको. नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात उभे राहावे. काही खांबांना तळखडे आणि कोरीव शीर्षे आहेत, बाकीचे साधे अष्टकोनी राहिले आहेत. काम अपुरे आहे, हे लगेच दिसते. पण कल्पना एकच होती, हेही तितकेच दिसते. अपुरे राहणे आणि विस्कळीत होणे यांत केवढे अंतर आहे, ते हे चैत्यगृह शिकवते.

ग्रंथाची नैतिक उंची मात्र एका कबुलीत आहे. सिस्टिम ३६० च्या प्रोग्रॅमचा आराखडा लिहिण्याचे काम दहा जाणत्यांना द्यावे, की दीडशे जणांच्या पथकाला, असा प्रश्न होता. दहा जणांना वेळ तीन महिने जास्त लागणार होता. ब्रुक्स यांनी काम दीडशेंना दिले. तेही तीन महिने उशिरा झाले, आणि निकृष्ट झाले. त्या निर्णयामुळे दोष काढण्यात सुमारे एक वर्ष अधिक गेले असावे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या चुकीचा असा हिशेब मांडणारा साहेब वाङ्मयात विरळा, कचेरीत तर त्याहून विरळा.

माझ्या कंपनीत तो नव्हता. काम केव्हा पुरे होईल, हे गिऱ्हाइकाला आधी कळवले जाई आणि आम्हाला मागाहून. तारीख टळली, की सात-आठ नवी मुले आणून बसवत. ती हुशार होती, पण तो प्रोग्रॅम जाणणारे आम्ही दोघेच. आमचा दिवस त्यांना शिकवण्यात जाई आणि रात्र कामात. तपासणीचे काम करणारी एक मुलगी दोष प्रामाणिकपणे नोंदवीत असे. दोषांना ‘सूचना’ म्हणावे, असे तिला सांगण्यात आले. तिने दोन महिन्यांनी राजीनामा दिला. रात्री साडेअकराला बोरीवली स्टेशनवर उतरणाऱ्या मुलाला आई विचारते, “थंडगार हवेत खुर्चीवर बसून दमतोस कसा रे?” त्याचे उत्तर येथे आहे. श्रमाने माणूस एवढा दमत नाही; आपल्या हातून वाईट काम करवून घेतले जात आहे, या जाणिवेने दमतो.

येथेच ब्रुक्स यांचा ग्रंथ मला अपुरा वाटतो. मनुष्य-महिना हा त्यांना विचारातला भ्रम वाटतो. समजावून दिला, की शहाणा साहेब तो सोडून देईल, असा त्यांचा विश्वास आहे. परंतु आपल्याकडच्या कितीतरी करारांत परदेशी गिऱ्हाइकाला माणसांच्या तासांचे आणि महिन्यांचेच बिल लागते. तेथे मनुष्य-महिना हा भ्रम उरत नाही, तो विकाऊ माल होतो. आठ मुले वाढली तर काम रखडते खरे, पण बिल वाढते. मग माझ्या साहेबाला अडाणी कसे म्हणावे? त्याचा हिशेब चोख होता; त्या हिशेबात कामाच्या गुणाला रकाना नव्हता, इतकेच. ब्रुक्स मोठ्या कारखान्याच्या धन्याच्या बाजूने पाहतात. दूर देशी, परक्याच्या घड्याळावर राबणारा माणूस त्यांच्या चित्रात नाही.

हे न्यून असूनही ग्रंथ थोर आहे, कारण या कामातल्या आनंदाची त्याला जाण आहे. प्रोग्रॅम लिहिणारा कवीसारखाच निव्वळ विचारातून काही घडवतो, आणि ते घडलेले चालते, हलते, लोकांच्या उपयोगी पडते, हे ब्रुक्स आरंभीच सांगतात. हा आनंद ठाऊक नसेल, तर तो हिरावला गेल्याचे दुःखही लेखकाला कळणार नाही. कारकुनाच्या कंटाळ्यावर आपण उत्तम विनोद लिहिला. आता चांगले काम करू पाहणाऱ्या आणि करू न दिलेल्या माणसावर कोणी कादंबरी लिहावी. तोपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलाला पगाराचा आकडा विचारण्याआधी एवढेच विचारावे: “आज तुझ्या मनासारखे काम झाले का?”