इसहाकने काय पाहिलं?

सोरेन किर्केगारच्या ‘फिअर अँड ट्रेंबलिंग’ (१८४३) या पुस्तकावरची चर्चा बहुतेक वेळा बापाभोवती फिरते. मला मुलाबद्दल बोलायचंय.

गोष्ट बायबलमधली. देव अब्राहामला सांगतो, तुझा मुलगा इसहाक याचा बळी दे. अब्राहाम त्याला मोरियाच्या डोंगरावर नेतो, बांधतो, सुरा उचलतो. तेवढ्यात देवदूत हाक मारतो आणि मुलाऐवजी मेंढा बळी जातो.

नीतीच्या भाषेत हा खुनाचा प्रयत्न, श्रद्धेच्या भाषेत समर्पण. किर्केगार ही फट बुजवत नाही. ग्रीक राजा अ‍ॅगामेम्नॉनही मुलीचा बळी देतो, पण सैन्यासाठी. लोक त्याच्यासोबत रडू शकतात. अब्राहामकडे कुणाला समजावून सांगता येईल असं कारणच नाही. म्हणून तो गप्प आहे. पुस्तकाचा प्रश्न असा: देवासाठी नीतीला स्थगिती देता येते का?

कांटने १७९८ मध्येच याचं उत्तर दिलं होतं. मुलाला मारू नये हे नक्की आहे, आवाज देवाचा आहे हे नक्की नाही, असं अब्राहामने म्हणायला हवं होतं. हे पटतं, पण पुरत नाही. अशी खात्री असूच शकत नाही, असं कांट म्हणतो. सुरा उचलणाऱ्याला मात्र ती असते.

मला पुरेसं उत्तर किर्केगारच्याच सुरुवातीच्या पानांत सापडतं. तिथे तो ही गोष्ट चार प्रकारे कल्पून सांगतो. चौथ्या प्रकारात, सुरा उपसताना बापाची डावी मूठ निराशेने आवळलेली इसहाकला दिसते. दोघं घरी परततात. इसहाकची श्रद्धा संपलेली असते. तो कुणाजवळ बोलत नाही. कुणी पाहिलं हे बापाला कळतही नाही.

पुढे मात्र पुस्तक बापाच्या वेदनेकडे वळतं. त्याचं मुलावर किती प्रेम आहे हे वारंवार बजावतं, पण त्या मुलाला काय दिसलं हे पुन्हा विचारत नाही. माझा आक्षेप इथे आहे. नीती हा फक्त सर्वांना लागू होणारा नियम असता, तर त्याला स्थगिती देण्याची कल्पना तरी करता आली असती. त्या डोंगरावर नीती म्हणजे बांधलेला, बघणारा मुलगा आहे. देवदूत वेळेवर आला, तरी त्याने पाहिलेलं पुसलं जात नाही.

पुस्तक वाचाच, छोटंसं आहे. फक्त श्रद्धेची थोरवी सुरू झाली की विचारा: इसहाक आत्ता कुठे बघतोय?