बोर्लीचं बिरडं सर्चमध्ये कुठे असतं?

‘कुठल्या राज्यानं सर्वात जास्त काय शोधलं’ असे नकाशे तुम्ही फोनवर पाहिले असतील. एका राज्यावर बिर्याणी, दुसऱ्यावर मोमो, आपल्यावर कधी मोदक तर कधी मिसळ. आपण हसतो, मित्रांना पाठवतो आणि विसरतो. पण हे नकाशे म्हणजे समाजाबद्दल काहीतरी सांगणारा मजकूरच आहे. कवितासंग्रह किंवा सिनेमा जसा तपासून वाचतो, तसेच तेही वाचायला हवेत. मी ते बोर्ली पंचतनहून वाचतो. श्रीवर्धन तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव, दिवेआगरच्या अगदी शेजारचं. नुसतं ‘बोर्ली’ टाइप केलं तर फोन मला बोरिवलीला नेतो. तिथूनही सुटलात, तर मुरूड तालुक्यातली बोर्ली मांडला आहेच.

आधी या नकाशांची रीत बघू. गूगल ट्रेंड्स शोधांची खरी संख्या दाखवत नाही. ० ते १०० अशी एक पट्टी असते. निवडलेल्या काळात आणि भागात एखादा शब्द ज्या वेळी सर्वात जास्त शोधला गेला, तिथे १०० आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत. शोध फारच कमी असतील तर पट्टी शून्यावर बसते. म्हणजे बोर्लीतल्या घरांत आज रात्री काय शिजलं, हे या पट्टीला दिसणं शक्यच नाही. ‘महाराष्ट्र’ या एका रंगाखाली ३६ जिल्हे झाकले जातात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सर्च लोकप्रियता मोजतच नाही. ज्याला एखादा पदार्थ येतो तो कशाला शोधेल? इथली कुठलीही काकी वालाचं बिरडं करायला फोन उघडत नाही. बिरडं शोधते ती डोंबिवलीला किंवा दुबईला गेलेली तिची भाची. म्हणजे शोधांचा आकडा पदार्थापासून पडलेलं अंतर मोजतो. रोज रांधला जाणारा पदार्थ सर्चमध्ये शून्य असू शकतो, आणि घरातून संपत चाललेला पदार्थ तिथे जोरात असू शकतो. नकाशावर ‘आवडता पदार्थ’ असं लिहिणारे ही गोष्ट लपवतात, किंवा त्यांना ती सुचतच नाही.

आता भाचीनं काय टाइप करावं? इथे खरी गंमत सुरू होते. मोड आणून सोललेल्या वालांना एका घरात बिरडं म्हणतात, दुसऱ्या घरात डाळिंब्या. वाल तेच. शब्दावरून मात्र घर कुठल्या जातीचं, याचा अंदाज बहुतेकांना येतो. डाळिंब्या म्हटलं की फोनला डाळिंब आठवतं. रायगडात आणि मुंबईत जी कोळंबी, ती मालवणात आणि गोव्यात सुंगटं. कोणी आमसूल म्हणतं, कोणी कोकम, कोणी सोलं, फळ एकच. उलटंही घडतं. ‘सांदण’ या एका शब्दाखाली दोन पदार्थ आहेत. एक फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून उकडलेलं. दुसरं कोकणी मुसलमान घरांतलं, आंबवलेल्या तांदळाचं, नारळाचं दूध घातलेलं, पांढरं आणि जाळीदार, रश्श्याबरोबर खायचं. श्रीवर्धन तालुक्यात दोन्ही सांदणं एकाच रस्त्यावर शिजतात. माझ्या फोनवर मात्र पहिलंच येत राहतं, दुसरं शोधायला ‘मुस्लिम’ हा शब्द जोडावा लागतो. पहिल्याला कोणी ‘हिंदू सांदण’ म्हणत नाही. कुणाचा पदार्थ नुसता पदार्थ आणि कुणाच्या पदार्थाला विशेषण, हे कसं ठरतं ते इथे उघड दिसतं.

हा प्रश्न फोननं निर्माण केलेला नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापांनी तिनं नव्यानं संसार मांडणाऱ्या हजारो मुलींचा धीर वाढवला. या पुस्तकांमागे एक बाई होती, तिचं एक स्वयंपाकघर होतं. तरीही हळूहळू त्यांचं स्वयंपाकघर म्हणजेच ‘मराठी’ स्वयंपाकघर असं वाटू लागलं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांचं अन्न समोर ठेवलं, तेव्हा या पूर्णपणातून कोण वगळलं गेलं होतं ते नावातूनच कळलं. पाटोळ्यांच्या पुस्तकातलं अन्न पाऊस, दुष्काळ, मजुरी आणि जात यांच्यासकट येतं. रेसिपीच्या पानावर नेमकं हेच गाळलं जातं.

बिरड्याचंच घ्या. ‘वाल रात्रभर भिजवा’ इथून रेसिपी सुरू होते. पण कुठले वाल? आमच्याकडचे कडवे वाल आकारानं लहान आणि चवीला किंचित कडसर. भातकापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर ते पेरले जातात, वेगळं पाणी सहसा द्यावं लागत नाही. थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, मीठ आणि ओवा घालून पोपटी लागते. उरलेल्या शेंगा वाळवून वर्षाचं बिरडं घरात येतं. भात, पोपटी आणि बिरडं ही एकाच शेताची तीन रूपं आहेत. बंदराच्या, बंगल्यांच्या किंवा रिसॉर्टच्या नावानं ते शेत गेलं, तर रेसिपीतला एकही शब्द बदलणार नाही, फक्त वाल दुकानातून येतील. पोपटीला वलसाडकडे एक सख्खी बहीणही आहे, उंबाडियुं. तीही मडक्यात, पाला घालून, वालपापडीची. भाषा बदलली की शोध थांबतो, म्हणून या बहिणींची गाठ क्वचितच पडते.

‘कोकणी रेसिपी’ शोधलं की मला बहुतेक वेळा मालवणी मिळतं. मालवणी जेवणाशी माझं भांडण नाही, कोंबडी-वडे मीही आवडीनं खातो. पण बोर्लीहून मालवणपेक्षा मुंबई कितीतरी जवळ आहे. शनिवार-रविवारी दिवेआगरला येणारा पाहुणा शोधलेला शब्द डोक्यात घेऊन येतो, आणि घरगुती खानावळीला तो ऐकावा लागतो. फलकावर ‘मालवणी थाळी’ लागते, विकतचा मसाला येतो. ज्या हातांना सोड्यांचं कालवण आणि बिरडं येतं, ते पाहुण्यांसाठी तिसऱ्याच जिल्ह्याची चव रांधतात. यात खानावळवालीला दोष देता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पोफळ आणि नारळ पुन्हा धरायला वर्षं लागतात. तोवर ज्या घरांचा आधार पाहुणा, त्यांना पाहुणा मागेल ते वाढणं भाग आहे.

फोनच्या बाजूनंही बोलायला हवं. छापील पुस्तक ‘मऊसर मळा’ म्हणून थांबायचं. व्हिडिओत उकड हाताला कशी लागते ते दिसतं. स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या चुलीपुढे बसून बोलणाऱ्या बाया आज लाखो लोकांपर्यंत पोचतात, हे पुस्तकांच्या काळात झालं नसतं. मग तक्रार काय? बहुतेक व्हिडिओ ‘पारंपरिक’, ‘गावरान’, ‘चुलीवरचं’ एवढंच सांगतात. यातला एकही शब्द पत्ता नाही. गावरान म्हणजे कुठलं गाव, पारंपरिक म्हणजे कुणाची परंपरा, हे कळलं तरच तो पदार्थ त्या जागेचा राहतो.

म्हणून तुम्ही आईची किंवा आजीची एखादी रेसिपी टाकणार असाल, तर मापांबरोबर चार गोष्टी लिहा: तालुका, घरात त्या पदार्थाला काय म्हणतात, मुख्य जिन्नस कुठून येतो, आणि तो कुठल्या महिन्यात करतात. ‘कोकणी उसळ’ऐवजी ‘श्रीवर्धन तालुका, कडव्या वालाचं बिरडं, आम्ही याला डाळिंब्याही म्हणतो’. त्यानं सर्चच्या पट्टीवर काही हलणार नाही. पण दुबईतली ती भाची दोन्हींपैकी कुठलाही शब्द टाइप करेल आणि तिला मालवणऐवजी बोर्ली सापडेल.