चौदाव्या बाळाचा पाळणा

यंदा चौदा एप्रिलला एरंडोलला आमच्या वाड्यात दोन पाळणे हलले. एक विहारात, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे. दुसरा माझ्या पुतण्याच्या घरात. त्या घरात आधीच अकरा माणसे, आणि चार पोरींच्या पाठीवर पाचवीही पोरच झाली. बायांनी विहारात भीमरायाचा पाळणा म्हटला आणि तोच घरी येऊन त्या पोरीसाठीही म्हटला. मुलीसाठी वेगळा पाळणा त्यांच्याजवळ नव्हताच. एक म्हातारी घुगऱ्या वाटता वाटता पुटपुटली, "आखो एक तोंड वाढनं." मी काही बोलायच्या आत पोरीच्या आजीने तिला गप्प केले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भीमाई दोनवर थांबती ते बाबासाहेब कथाईन येतात, नाना?"

हा प्रश्न आमच्या वस्त्यांत मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. शिकलेली पोरेसुद्धा तो टाळ्यांसाठी भाषणात वापरतात. प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणूनच तो तपासला पाहिजे. त्याची मुळे आमच्या गाण्यांत आहेत.

भीमजन्माचे जे पाळणे मी ऐकले त्या सगळ्यांत महू येते, १८९१ साल येते, रामजी सुभेदार आणि भीमाई येतात, आणि 'चौदावे रत्न' हटकून येते. (मराठीत 'चौदावे रत्न' म्हणजे चाबूक. मनुवाद्यांच्या पाठीवर तो बसला, तेव्हा शब्द चुकून का होईना बरोबर पडला!) पण चौदावा म्हणताना आधीचे तेरा कुठे गेले, हे पाळणा विचारत नाही. रामजी-भीमाईंच्या चौदा अपत्यांपैकी मोठी झाली ती पाच: बलराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव. उरलेल्यांची नावे गाण्यात नाहीत. भीमाईही फार जगल्या नाहीत. भीमराव पाचएक वर्षांचे असताना त्या गेल्या आणि पोरांना वाढवले ते आत्या मिराबाईंनी. भरल्या घरात आलेल्या त्या बाळाचे खरे स्वागत जिने पुढे रोज केले, त्या आत्येवर एक तरी पाळणा असावा असे मला फार वाटते.

पाळणा हा आनंदाचा प्रकार आहे, त्यात मढी कशाला मोजायची, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य नाही. आमच्या बायांनी दळताना रडून गायिले आहे, आखाजीच्या झोक्यावर बसून सासरचा जाच गायिला आहे. म्हणजे दुःख गाण्यात मावते. भीमाईचेच दुःख मावले नाही, कारण आम्ही तिला माणूस राहू दिले नाही. रत्न देणारी खाण केले.

लिखित साहित्याकडे वळलो की दुसरे टोक दिसते. पांढरपेशा मराठी वाचकाला मोठ्या कुटुंबातले प्रेम साने गुरुजींनी शिकवले. गुरुजी आमच्या शेजारच्या अंमळनेरला शिक्षक होते, म्हणून खानदेशात 'श्यामची आई'चा मान अधिक. त्या घरातली गरिबी खरी आहे, पण ती चांगल्या दिवसांवरून घसरलेल्यांची गरिबी आहे. आमच्या घरी घसरायला पायरीच नव्हती. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतपण येते ते अंधाऱ्या खोपटात, अडाणी हातांखाली. चिंध्या नाहीत, पोटात अन्न नाही, आणि ओल्या बाळंतिणीची भूक तशीच. हे १९८२ पासून 'स्त्री' मासिकात छापून आले आणि १९८६ ला पुस्तक झाले. दलित पुरुषांची आत्मकथने तोवर गाजत होती. 'बलुतं' १९७८ चे. पण जन्म ही गोष्ट बाईच्या अंगावरून कशी जाते, हे बाईनेच सांगायचे राहिले होते. बेबीताईंनी ते कोणाची भीड न धरता सांगितले, आपल्या माणसांचीसुद्धा नाही.

तरी माझी एक तक्रार आहे, आणि ती आम्हा सगळ्या लिहिणाऱ्यांविषयी आहे. आमच्या गद्यात बाळ येते ते बहुधा भूक वाढवायला. गाण्यात ते येते जग उद्धरायला. नुसते बाळ म्हणून ते कुठेच येत नाही. माझ्या बापाची सालदारकी होती. आखाजीला साल ठरायचे तेव्हा मालक विचारायचा, पोरे किती? म्हणजे गुरांमागे जायला हात किती. मोठे कुटुंब ही आमची हौस होती असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. मरणाऱ्यांची वजाबाकी धरूनच बेरीज करावी लागे. आणि तरीही माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईने शेजारून मागून आणलेल्या लुगड्याच्या तुकड्याची कुंची शिवली होती, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी स्वतः हे आजवर लिहिले नाही. दुःख लिहिले की वाचक मान डोलावतो, कुंचीला कोण विचारतो?

आता त्या आजीच्या प्रश्नाकडे. बाबासाहेब स्वतः काय म्हणत होते? १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या सवलतींचा पुरस्कार केला. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'वरच्या अश्लीलतेच्या खटल्यात र. धों. कर्व्यांची वकिली केली. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला तो त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा, मांडला प्र. ज. रोहम यांनी, विचार बाबासाहेबांचे. ठराव ५२ विरुद्ध ११ मतांनी पडला. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी बायांना हेच बजावले, की फार मुले होऊ देणे हा गुन्हा आहे. हे चौदावे अपत्य बोलत होते, आणि असा बाप बोलत होता ज्याच्या पाच मुलांपैकी चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. वाचला एक यशवंत.

पण त्या १९३८ च्या भाषणातला गाभा संख्येचा नाही. मूल नको असेल तर गर्भ टाळण्याची सोय बाईला असली पाहिजे आणि मूल व्हावे की नाही हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असावे, असे त्यात आहे. आमच्या चळवळीने हे वाक्य पचवले नाही. सरकारनेही नाही. १९७६ च्या नसबंदीत गरिबाला जनावरासारखे हाकलले गेले. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येईना. मुलाच्या हट्टापायी पोरी होत राहतात तो हट्ट घरच्यांचा, आणि राखीव जागेवरचे सरपंचपद जाते ते बाईचे. शिक्षा दोन्हीकडून तिलाच. आजीचा प्रश्न याच जातीचा आहे. त्यात भीमाईला थांबायचे होते का, हे कोणी विचारलेलेच नाही. बाबासाहेब जन्मले याचा आनंद करायला भीमाईच्या चौदा बाळंतपणांचे समर्थन करावे लागत नाही.

हे मी आजीला त्या दिवशी सांगितले नाही. घुगऱ्या खाल्ल्या, पोरीच्या हातात दहाची नोट ठेवली आणि घरी आलो. चार दिवसांनी सूनबाई दारात आली. पोर खांद्यावर, डोक्यावर पदर. बसली नाही. म्हणाली, "नाना, ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची लागते?" मी म्हणालो, "तुझीच. नवऱ्याच्या संमतीची गरज नाही." तिने पुन्हा एकदा विचारले, आणि मी पुन्हा तेच सांगितले.