खद्योत आणि रोषणाई

‘ख’ म्हणजे आकाश. तिथे चमकतो तो खद्योत. संस्कृत सुभाषितांत हा शब्द सूर्यासमोर उभा राहतो, तो क्षुद्रतेचा दाखला म्हणून. मराठीत डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तेव्हा किडा कुठेच नसतो.

आता अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघर परिसरात, मेअखेरीपासून ‘काजवा महोत्सव’ भरतो. त्याच्या वर्णनांतून क्षुद्रता गेली, ‘निसर्गाची रोषणाई’ आली. हिरडा, बेहडा ‘सजू’ लागले. पण रोषणाई बघणाऱ्यांसाठी असते. काजव्याची लुकलुक जोडीदारासाठी. गाड्यांच्या दिव्यांत ती खूण बुडते.

शिवाय जुनी आणि नवी, दोन्ही वर्णने वरच पाहतात. काजव्याचे बहुतेक आयुष्य मात्र अळीच्या रूपात, ओलसर मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायींसारखी शिकार करत जाते. अळीही उजळते. काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात. जमिनीवरच्या या उजेडाला इंग्रजीत ‘ग्लो-वर्म’ असे वेगळे नाव आहे. आपल्या प्रमाणभाषेत सारे काजवेच.

‘रोषणाई’च्या जागी ‘विणीचा हंगाम’ हे शब्द फलकांवर आले, तर झाडाकडे धावणारा माणूस आधी पायाखाली पाहील.